टी-शर्ट द्या खुशाल, बिब मात्र नको

रविवारी उजाडताना धरमतरच्या पुलावर थांबलं, की पळणाऱ्यांच्या पाठी वाचता येतात. कुणी पेण-वडखळकडून येतो, कुणी पोयनाडकडून. एकाच्या पाठीवर मुंबई मॅरेथॉन, दुसऱ्याच्या पाठीवर सातारा हिल, तिसऱ्याच्या अंगात कुठल्याशा तालुक्याच्या गावच्या पाच किलोमीटरच्या दौडीचा भडक पोपटी टी-शर्ट. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची, पण सर्वसामान्य नोकरदार, गृहिणी, दुकानदार हौसेनं रस्त्यावर उतरले ते मुख्यतः 2004 साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर. ते वेड पेण-अलिबागकडच्या खारेपाटापर्यंत पोचलं, आणि त्याबरोबर टी-शर्टबद्दलचे अलिखित नियमही पोचले. रेसच्या आधी घालायचा नाही. रेसला तोच घालायचा. अर्धवट सोडली तर कधीच अंगाला लावायचा नाही. पळालो नाही त्या रेसचा तर शिवायचासुद्धा नाही. नवा माणूस ग्रुपमध्ये आला की हे सगळं त्याला ठामपणे सांगितलं जातं.

यातले काही नियम रास्त आहेत, काही अर्धे खरे, काहींना आधारच नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. टी-शर्टच्या बाबतीत एवढी कडक असणारी मंडळी छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या, म्हणजे बिबच्या बाबतीत मात्र फार सैल असतात. वास्तविक उलटं असायला हवं. का, ते पुढे येईलच. आधी टी-शर्टचं बघू.

गैरसमज: रेसला आयोजकांनी दिलेलाच टी-शर्ट घालावा लागतो

सर्वसाधारण स्पर्धेत असं बंधन नसतं. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नियमात कपड्यांबद्दल मुख्यतः एवढंच आहे, की ते स्वच्छ असावेत, कुणाला आक्षेपार्ह वाटू नयेत आणि ओले झाले तरी पारदर्शक होऊ नयेत. शेवटची अट पातळ पांढरा टी-शर्ट घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी माणूस डोक्यावर पाणी ओतून घेतो. सक्ती असते ती बिबची. तो छातीवर, सरळ, न घडी घालता, चारही कोपऱ्यांना पिना लावून दिसला पाहिजे. एखादी शाळा, पोलीस दल किंवा कंपनीचा संघ एकसारख्या टी-शर्टमध्ये पळतो, तो त्यांचा आपसातला निर्णय असतो.

याची सर्वांत मोठी उदाहरणं आपल्याकडचीच आहेत. लता भगवान करे यांनी आजारी नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात भाग घेतला आणि नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळून ती शर्यत जिंकली. त्यांच्या आयुष्यावर पुढे 2020 साली त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट आला आणि त्यात त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच केली. मुंबईच्या क्रांती साळवी यांनी 2018 च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये पूर्ण 42.195 किलोमीटर नऊवारीत पळून काढले, 3 तास 57 मिनिटं 7 सेकंदांत, आणि साडीतल्या सर्वांत वेगवान मॅरेथॉनचा गिनेस विक्रम केला. चार तासांच्या आत फुल मॅरेथॉन पूर्ण करणं हे महागडे बूट आणि हाफ पँट घालणाऱ्या कित्येकांना वर्षानुवर्षं जमत नाही. पोशाख ज्याचा त्याचा, हे याहून ठळकपणे सांगता येणार नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायला हवी. बहुतेक स्पर्धांचे टी-शर्ट पुरुषांच्या मापानं शिवलेले असतात आणि वर 'युनिसेक्स' म्हणून दिले जातात. खांदे उतरतात, काख मोठी होते, गळा ओघळतो. एखादीनं दिलेला टी-शर्ट न घालता स्वतःचा घातला, तर तिला आयोजकांबद्दल आदर नाही असा अर्थ काढणाऱ्यांनी तो टी-शर्ट तिच्या मापानं एकदा पाहावा.

गैरसमज: रेसच्या आधी तो टी-शर्ट घातला तर अपशकुन होतो

ही समजूत बाहेरून आली आहे. 1897 पासून चालत आलेल्या बोस्टन मॅरेथॉनचं दरवर्षी वेगळ्या रंगसंगतीचं जॅकेट निघतं. ते विकत घ्यावं लागतं, आणि शर्यत पूर्ण केल्याशिवाय ते अंगात घालू नये असा तिथल्या धावपटूंमध्ये संकेत आहे. संकेतच, नियम नाही. बोस्टनला प्रवेश मिळण्यासाठी बहुतेकांना वयोगटानुसार ठरलेल्या वेळेत आधी दुसरी मॅरेथॉन पळून दाखवावी लागते, त्यामुळे त्या जॅकेटचं अप्रूप समजण्यासारखं आहे. तोच संकेत उचलून आपण गावातल्या दहा किलोमीटरच्या दौडीला लावला.

शकुन-अपशकुन बाजूला ठेवा. पण रेसच्या सकाळी तो कोरा टी-शर्ट न घालण्याला एक भक्कम कारण आहे, आणि कोकणात ते अधिकच भक्कम ठरतं. टी-शर्ट हातात येतो रेसच्या एक-दोन दिवस आधी, बिबसोबत. म्हणजे त्यातून एकही लाँग रन झालेला नसतो. तो हातात घेऊन छातीवरचा भाग बोटांनी चाचपून पाहा. प्रायोजकांची नावं जिथे छापलेली असतात तिथे शाईचा जाड थर असतो, कापडाची जाळी तिथे बंद झालेली असते. घाम त्या थरातून बाहेर जात नाही, तो आत साचतो आणि कापड त्वचेला चिकटून घासत राहतं. काखेतली शिवण, गळ्यामागचं लेबल, बिबच्या पिनांची टोकं, यांचं काम वेगळंच. पहिल्या तासात काही जाणवत नाही. दुसऱ्या तासात आग होते. अनेक पुरुषांच्या छातीवर रक्ताचे दोन डाग दिसतात ते यामुळेच. अनुभवी माणूस व्हॅसलिन चोळतो, स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावतो आणि दहा-बारा लाँग रन झालेला जुनाच टी-शर्ट घालतो.

'ड्राय-फिट आहे, त्यात घाम येत नाही' ही समजूतही इथेच निस्तरू. ड्राय-फिट हे नायकी कंपनीचं व्यापारी नाव आहे; आपण सरसकट सगळ्या पॉलिएस्टरच्या टी-शर्टना ते लावतो. हे कापड घाम शोषून धरत नाही, बाहेरच्या पृष्ठभागावर आणून पसरवतं, म्हणजे तो लवकर उडून जावा. पण उडण्यासाठी हवा कोरडी लागते. खाडीकाठच्या दमट हवेत, ऑक्टोबरच्या सकाळी, ती कोरडी नसते. पुण्याच्या थंडीत सुकणारा टी-शर्ट पेणला चिंब राहतो. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या मित्राचं ऐकून अंदाज बांधू नका, आपल्याच रस्त्यावर पळून बघा.

फिनिशर टी-शर्टची गोष्ट वेगळी. तो अंतिम रेषा ओलांडल्यावरच मिळतो, त्यामुळे 'आधी' हा प्रश्न उरत नाही. मागच्या वर्षीचा फिनिशर घालून यंदाची तीच रेस पळण्यात काहीही गैर नाही. उलट सकाळी पाचच्या अंधारात वडखळ-अलिबाग रस्त्यावर अवजड ट्रकच्या समोर पळणाऱ्यानं तो भडक पोपटी किंवा नारिंगी टी-शर्ट जरूर घालावा. गडद निळ्या टी-शर्टमधला माणूस चालकाला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

गैरसमज: टी-शर्टवर मॅरेथॉन लिहिलंय, म्हणजे मॅरेथॉन पळाला

मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. हे अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावलं गेलं आणि 1921 साली आंतरराष्ट्रीय महासंघानं ते कायम केलं. आपल्याकडे मात्र शाळेच्या दोन किलोमीटरच्या दौडीलाही मॅरेथॉन म्हणण्याची पद्धत पडली आहे, आणि मोठ्या स्पर्धांतही 5, 10, 21 किलोमीटरवाल्यांना पुष्कळदा एकच टी-शर्ट मिळतो. मुंबई मॅरेथॉनमध्येच फुल मॅरेथॉन आहे, हाफ आहे आणि वेळ न नोंदवली जाणारी छोटी ड्रीम रनही आहे. नाव तेच, मेहनत निराळी.

टी-शर्ट घालण्यात खोटेपणा नाही. ऑफिसात कुणी 'अरे वा, मॅरेथॉन पळालात?' असं विचारलं, तर 'दहा किलोमीटर पळालो' एवढं सांगावं. इथे टी-शर्टच्या शिष्टाचाराचा खरा गाभा आहे. टी-शर्ट कुठलाही घाला, पण त्यानं न केलेल्या श्रमाचा दावा करू नका. दहा किलोमीटर पहिल्यांदा पळणाऱ्याला त्याचा अभिमान वाटायलाच हवा, आणि त्यासाठी त्याला बेचाळीसचा आडोसा घ्यावा लागत नाही.

गैरसमज: रेस सोडली तर टी-शर्ट टाकून द्यायचा

रेस सोडावी लागली, निकालात नावापुढे डीएनएफ (शर्यत अपूर्ण) आलं, की काही जण तो टी-शर्ट कपाटाच्या तळाशी घालतात. त्याची गरज नाही. बिबसोबत मिळतो तो सहभागाचा टी-शर्ट. त्याचे पैसे नोंदणी शुल्कातच भरलेले असतात, तो कुणी फुकट देत नाही. सुरुवातीच्या रेषेवर तुम्ही उभे होता, चार महिने सराव केला होता, तो टी-शर्ट तुमचा आहे. ज्यावर 'फिनिशर' लिहिलेलं आहे तो मात्र रेस सोडलेल्यानं घेऊ नये आणि घालू नये. इथे मी जुन्या कडक मंडळींच्या बाजूनं आहे. दक्षिण आफ्रिकेतली सुमारे 90 किलोमीटरची कॉम्रेड्स मॅरेथॉन 1921 पासून चालू आहे. तिथे बारा तास पूर्ण होताच अंतिम रेषा बंद होते. त्यानंतर काही सेकंदांनी पोचणाऱ्यालाही पदक मिळत नाही. हे निष्ठुर वाटतं, पण 'फिनिशर' या शब्दाला वजन येतं ते अशा रेषेमुळे. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक धावपटू तिथे जातात, आणि कट-ऑफ हुकलेले पुन्हा नाव नोंदवतात.

मात्र पायाला दुखापत असताना, छातीत कळ येत असताना केवळ त्या टी-शर्टसाठी रेटत राहणं हा मूर्खपणा आहे. वेळीच थांबणाऱ्याला ग्रुपनं टोमणे मारू नयेत.

गैरसमज: न पळालेल्या रेसचा टी-शर्ट घालणं म्हणजे फसवणूक

दहा वर्षं पळणाऱ्याच्या घरी टी-शर्टांचा ढीग साचतो. ते भावाला जातात, भाच्याला जातात, घरकाम करणाऱ्या ताईंच्या मुलाला जातात. पावसाळ्यात शेतावर लावणीला आलेल्या गड्याच्या अंगात 'हाफ मॅरेथॉन फिनिशर' दिसतो. त्याची कुणी फसवणूक म्हणून नोंद करणार आहे का? त्याच्या अंगावर ते कापड आहे, दावा नाही. चांगला कपडा वापरात राहतो हे उत्तमच आहे, कारण पॉलिएस्टर पेट्रोलियमपासून बनतं आणि ते कुजत नाही. नोंदणीच्या वेळी 'टी-शर्ट नको' असा पर्याय दिसला तर तो निवडावा. जुना टी-शर्ट कुणाला देण्याआधी नीट धुऊन उन्हात वाळवा, एवढं मात्र पाहा. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली 26 जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या टी-शर्टना अधिक उग्र वास येत असल्याचं आढळलं. वास निर्माण करणारे काही जिवाणू त्या धाग्यावर जास्त वाढतात. कपडे मऊ करणारं कंडिशनर त्यावर वापरू नये, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरवण्याची कापडाची क्षमता कमी होते.

या मोकळिकीला तीन अपवाद आहेत आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. 'मेडिकल', 'स्वयंसेवक' आणि 'पेसर' असं लिहिलेले टी-शर्ट दुसऱ्या रेसमध्ये घालून पळू नका. पंधराव्या किलोमीटरला कुणी चक्कर येऊन पडला, तर बघणारे आधी पाठीवर 'मेडिकल' लिहिलेल्या माणसाकडे धावतात. तो माणूस डॉक्टर नसून दोन वर्षांपूर्वी तंबूत पाण्याच्या बाटल्या वाटणारा असेल, तर मौल्यवान मिनिटं वाया जातात. पेसर म्हणजे ठरलेल्या वेळेत रेस पूर्ण करून इतरांना वेग दाखवणारा; त्याच्या टी-शर्टवर लिहिलेली वेळ पाहून अनोळखी माणसं मागे लागतात आणि आपला वेग बिघडवून घेतात.

आणि ज्याला कुणी गैरसमज मानतच नाही: बिब दिला तर काय बिघडलं?

रेसच्या आदल्या आठवड्यात ग्रुपवर हमखास निरोप येतो: 'ऐनवेळी जमत नाहीये, माझा बिब कुणाला हवाय?' आणि लगेच कुणीतरी 'मला' म्हणतो. जो माणूस आदल्याच दिवशी टी-शर्टचे नियम समजावत होता, त्यालाही यात वावगं वाटत नाही.

बिब हस्तांतरित करता येत नाही, ही अट बहुतेक सगळ्या स्पर्धांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेली असते. मुंबई मॅरेथॉनचा बिब घेताना मूळ फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं, ते उगीच नाही. बिब पालथा केला तर मागे छापील चौकट दिसते: नाव, वय, रक्तगट, जुना आजार, औषधांची अ‍ॅलर्जी, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं त्याचा फोन. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचा बिब लावून पंचविशीतला मुलगा पळाला आणि उष्माघातानं कोसळला, तर डॉक्टरांसमोर दुसऱ्याचा रक्तगट आणि दुसऱ्याचा आजार येतो. फोन जातो तो भलत्याच घरी. त्या घरातल्या बाईला सांगितलं जातं की तुमचा नवरा बेशुद्ध आहे, आणि तो समोर चहा पीत बसलेला असतो. इकडे ज्याच्या आईला कळायला हवं तिला काहीच कळत नाही.

निकालाचंही तसंच. बिबमागची चिप टायमिंग मॅटवरून जाते तेव्हा नोंद होते ती बिबवरच्या नावाची. बाईच्या बिबवर पुरुष पळाला तर महिलांच्या वयोगटात खरी तिसरी आलेली धावपटू चौथी होते. तिचं बक्षीस जातं आणि आपल्यावर अन्याय कुणी केला हे तिला कळतही नाही. खोट्या निकालाचं जुनं उदाहरण पाहा: 1980 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ महिलांमध्ये पहिली आली आणि तिच्या डोक्यावर विजेतीचा मुकुट चढला. मार्गावरच्या निरीक्षकांनी तिला पाहिलंच नव्हतं. चौकशी झाली, आठ दिवसांनी तिचं विजेतेपद काढून घेतलं आणि ते कॅनडाच्या जॅकलीन गारो हिला मिळालं. पण टाळ्यांच्या गजरात अंतिम रेषेवर मुकुट घालून घेण्याचा क्षण गारोला जसाच्या तसा परत मिळाला नाही.

नोंद खरी ठेवण्यासाठी किती काटेकोर राहावं लागतं, हे धरमतरला फार पूर्वीपासून माहीत आहे. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे 36 किलोमीटरचं सागरी अंतर महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या जलतरणपटूंची मोठी परीक्षा मानलं जातं. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, बहुतेकदा अंधारातच, पोहणारा खाडीत उतरतो. रेवस-करंजाच्या बाजूनं खाडी मागे पडते आणि मुंबई बंदराचं पाणी लागतं. पुण्याचे रोहन मोरे शाळकरी वयात हे अंतर पोहून गेले होते. 2018 साली जगातल्या सात खडतर सामुद्रधुन्यांचं 'ओशन्स सेव्हन' आव्हान पूर्ण करणारे ते पहिले आशियाई ठरले.

या पोहण्यात अंगावर टी-शर्ट नसतो. असतो तो साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा आणि अंगाला फासलेलं ग्रीस. सोबतच्या होडीत प्रशिक्षकाबरोबर राज्य जलतरण संघटनेचा निरीक्षक बसलेला असतो. पोहणारा कधी उतरला, कधी खाल्लं, कधी पोचला, हे तो पाहतो. खुल्या समुद्रातल्या लांब पोहण्यात होडीला धरून आधार घेतला तर ती मोहीम ग्राह्य धरत नाहीत, हा जगभरचा दंडक आहे. म्हणून खाणं-पिणंही काठीनं किंवा दोरीनं पोचवतात. प्रमाणपत्र मिळतं ते निरीक्षकाच्या शब्दावर. एकाच्या नावानं दुसरा पोहला, अशी कल्पनाही तिथे कुणी करणार नाही.

रस्त्यावर हजारो लोक पळतात, प्रत्येकामागे निरीक्षक ठेवणं शक्य नाही. त्याचं काम तो कागदाचा चौकोन आणि त्यामागची चिप करते. ऐनवेळी पळणं जमत नसेल तर आयोजकांना कळवा. काही स्पर्धा ठराविक मुदतीपर्यंत अधिकृतपणे नाव बदलून देतात, काही नोंदणी पुढच्या वर्षी नेऊ देतात. दोन्ही शक्य नसेल तर शुल्क गेलं असं समजा. टी-शर्ट मित्राला द्या, त्याला हवा तिथे घालू दे. बिब घरीच ठेवा.

आणि स्वतः पळणार असाल, तर बिब हातात आल्या-आल्या तो पालथा करा आणि मागची चौकट बॉलपेननं पूर्ण भरा. शाईच्या पेननं लिहिलेलं घामानं पुसलं जातं. संपर्काच्या रकान्यात सोबत पळणाऱ्या मित्राचा नंबर नको, त्या वेळी तोही रस्त्यावर पळत असेल. घरी जागं असणाऱ्या माणसाचा नंबर लिहा.